क्लोरोफॉर्मची कीर्ती, कार्बोलिकचा विसर

दर वर्षी १ जानेवारीस नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश उभी राहते. १९३८ साली बाग-ए-आममध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन १९४६ पासून आजच्या जागी भरते, आणि हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत माणसाचे वय मोजण्याचे ते एक साधनच होऊन बसले आहे. तरुणपणी एका संध्याकाळी सगळी नुमाइश पायांखाली घालणारा माणूस पुढे अर्ध्यातून परतू लागतो. नंतर दाराजवळ कोठेतरी टेकून पोराबाळांच्या पिशव्या सांभाळतो. आणि एके वर्षी ‘तुम्ही जाऊन या, मला काय नवे पाहायचे आहे’ असे म्हणून घरीच राहतो. पाहायचे पुष्कळ असते. गुडघे नाही म्हणतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र घरी बसलेली मंडळी पुन्हा मैदानात दिसू लागली आहेत. आमच्या सभेला जमणाऱ्या ज्येष्ठांत गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेले चार-पाच जण सहज निघतात. त्यांचे बोलणे होते ते कोणत्या डॉक्टरांनी केले, कोणत्या कंपनीचा सांधा बसवला आणि एकंदर किती खर्च आला याविषयी. ज्या एका गोष्टीवर ही सारी शस्त्रक्रिया उभी आहे तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे जंतूंना सांध्याच्या बाहेर ठेवणे. कृत्रिम सांधा घडवण्याची कल्पना आणि कारागिरी माणसाजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीच होती. तो सांधा शरीरात न चिघळता टिकवणे जमत नव्हते. ते कसे जमले याची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. आणि तिचा एक धागा आपल्या अफजलगंजापर्यंत येऊन पोहोचत असल्याने सुरुवात तेथूनच करतो.

वैद्यकाच्या जागतिक इतिहासात हैदराबादचे नाव आहे ते क्लोरोफॉर्ममुळे. १८८५ च्या सुमारास रेसिडेन्सी सर्जन म्हणून आलेले एडवर्ड लॉरी हे हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुखही होते. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, हा त्या काळचा मोठा वाद होता. लॉरी श्वासाच्या पक्षाचे. १८८८ साली त्यांनी निजाम सरकारच्या आश्रयाने पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसवले. त्याचे निष्कर्ष विलायतेत कोणी मानीनात, तेव्हा १८८९ साली दुसरे बसले. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने आपला प्रतिनिधी पाठवावा म्हणून निजाम सरकारने १,००० पौंड देऊ केले आणि लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नामांकित शास्त्रज्ञ त्यासाठी हैदराबादेस आला. निष्कर्ष पुन्हा लॉरींच्याच बाजूचा निघाला. तो पुढे चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले. तरीही कमिशनची कीर्ती राहिली, आणि याच शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होते, याचा अभिमान आम्हां हैदराबादकरांना आहेच.

लॉरी एडिंबरोचे, जेम्स साइम या शल्यवैद्याच्या हाताखाली तयार झालेले. गुरूचे नाव ते जन्मभर मोठ्या भक्तीने घेत. या साइमचा एक जावई होता, जोसेफ लिस्टर. म्हणजे लॉरींनी गुरूकडून घेतली ती क्लोरोफॉर्म देण्याची शिस्त, आणि गुरूच्याच घरातल्या दुसऱ्या माणसाने शोधली ती जंतूंविरुद्धची शिस्त. एकाच घरातून निघालेल्या या दोन गोष्टींपैकी पहिलीच्या नावाने हैदराबादेत कमिशने बसली. दुसरीचा गाजावाजा झाला नाही, आणि असे होणे स्वाभाविकही होते. वेदना नाहीशी झालेली रोग्याला तत्काळ कळते. न झालेला पू कोणाला दिसत नाही.

लिस्टरपूर्वी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रोगी वाचेलच असे नसे. हातपाय कापल्यावर जखम चिघळे, रक्तात विष पसरे आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस जाई. १८४७ साली व्हिएन्नातील सेमेलवाइस यांनी प्रसूतीपूर्वी हात क्लोरीनच्या पाण्यात धुवावेत असे सांगितले, ते त्यांच्या हयातीत फारसे कोणी मनावर घेतले नाही. पाश्चरचे कुजण्याविषयीचे प्रयोग वाचून लिस्टरना वाटले की जखमेचे चिघळणे हीही सूक्ष्म जीवांचीच करणी असावी. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे, गाडीखाली पाय मोडून हाड कातडीबाहेर आलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. एरवी असा पाय कापावाच लागे. मुलगा सहा आठवड्यांनी स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला. १८६७ मध्ये हे सारे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या मुलापेक्षा दुसरा एक रोगी महत्त्वाचा आहे. १८७७ साली लिस्टर लंडनला आले आणि त्याच वर्षी त्यांनी एका माणसाचा गुडघा उघडला. त्याची वाटी फुटली होती. कातडी शाबूत असलेला गुडघा आपण होऊन उघडणे हे त्या काळी जवळजवळ खुनासारखे मानले जाई, कारण उघडलेला सांधा हमखास पिकत असे आणि पाय, अनेकदा प्राणही, जात असे. लिस्टरनी कार्बोलिकच्या फवाऱ्याखाली वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेने एकत्र बांधले, जखम शिवली, आणि गुडघा पू न होता बरा झाला. विरोध करणाऱ्या कित्येक शल्यवैद्यांची तोंडे या एका शस्त्रक्रियेने बंद झाली म्हणतात. गुडघ्यात धातू ठेवून सांधा निरोगी राहू शकतो हे तेव्हा दिसले. आज लाखो लोकांच्या गुडघ्यांत जे आहे त्याची ही आद्य तार.

पुढची पायरी लवकरच आली आणि फसली. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी १८९० साली हस्तिदंताचा बिजागरीचा गुडघा तयार करून रोग्याच्या पायात बसवला. गुडघ्याप्रमाणे मनगट आणि इतर सांधेही त्यांनी केले. ते हाडात घट्ट बसावेत म्हणून राळ आणि प्लॅस्टरचा लुकणही वापरला. पहिले काही दिवस सांधे सुरेख हलत होते. पण हे बहुतेक रोगी सांध्याच्या क्षयाचे होते. ज्या सांध्यात जंतू मुक्कामालाच होते तेथे हस्तिदंत बसवला गेला. एकामागून एक सांधे पिकले आणि काढावे लागले. ग्लूक यांनी स्वतःच कबूल केले की क्षयग्रस्त सांध्यात हे करू नये. कल्पना उत्तम होती, कारागिरी उत्तम होती, आणि तरीही पुढची जवळजवळ सत्तर वर्षे ती कल्पना फडताळात पडून राहिली.

दरम्यान शस्त्रक्रियागृहाचे रूप पालटले. कार्बोलिकचा फवारा हात भाजी, डोळे झोंबवी. लिस्टरनीच तो पुढे सोडून दिला. जंतू जखमेत पडल्यावर मारण्यापेक्षा ते तेथे येऊच न देणे बरे, हा विचार जर्मनीत रुजला आणि वाफेने उकडलेली हत्यारे व कापड आले. रबरी हातमोजे आले ते तर एका परिचारिकेच्या हातांसाठी. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड यांच्या मदतनीस बाईंचे हात जंतुनाशकाने सोलवटून निघत, म्हणून त्यांनी एका रबर कंपनीकडून मोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. रोग्याला या मोज्यांचा फायदा होतो हे मागाहून ध्यानात आले. इतिहासात पुष्कळदा असे घडते.

आता एक प्रश्न राहतो. साधी जखम झाली आणि चार जंतू आत गेले तर शरीर त्यांचा समाचार घेते. मग कृत्रिम सांध्याची एवढी धास्ती का? १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी याचे उत्तर माणसांवरच प्रयोग करून दिले. नुसत्या कातडीत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस जातीचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागले. तेच जंतू रेशमी टाक्याच्या दोऱ्याबरोबर आत गेले तेव्हा शंभरएक पुरले. एका रेशमी धाग्याने एवढा फरक पडतो, तर मुठीएवढ्या धातूने किती पडत असेल! धातूला रक्तपुरवठा नसतो. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि औषध त्याच्या पृष्ठभागावर पुरेसे पोहोचत नाहीत. जंतू तेथे चिकटले की स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्याच्या आड वर्षानुवर्षे राहतात. अमेरिकेतील ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले: शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या तर सांधा आपला, जंतू आधी पोहोचले तर त्यांचा. गंमत अशी की यांतले बरेचसे जंतू कोठून बाहेरून येत नाहीत. आपल्याच कातडीवर आणि नाकात ते निरुपद्रवी शेजाऱ्यासारखे नांदत असतात.

ही शर्यत माणसाने जिंकली ती इंग्लंडातील लँकेशर परगण्यात, रायटिंग्टन नावाच्या पूर्वीच्या क्षयरुग्णालयात. जॉन चार्न्ली हे तेथले अस्थिशल्यवैद्य. स्वभावाने हट्टी आणि हाताने कारागीर. खुब्याच्या सांध्यासाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरले आणि ते झिजून शेकडो रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी त्यांच्यावर आली. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिइथिलीनचा खुबा बसला आणि टिकला. आजचा प्रत्येक बदललेला सांधा याच खुब्याचा वंशज आहे. पण आम्हांला चार्न्ली मोठे वाटतात ते दुसऱ्याच कारणाने. सुरुवातीला त्यांच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे सातांचे सांधे पिकत होते. दुसरा कोणी म्हणाला असता, त्र्याण्णव तर चालू लागले! चार्न्लींना ते सात झोपू देत नव्हते. त्यांना शंका होती हवेची. शस्त्रक्रियागृहात वावरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगावरून मिनिटाला कातडीचे हजारो सूक्ष्म कपचे गळतात आणि त्यांवर बसून जंतू जखमेत उतरतात. हॉवर्थ नावाच्या, हवा गाळण्याची यंत्रे करणाऱ्या कारखानदाराला हाताशी धरून त्यांनी शस्त्रक्रियागृहात काचेची एक खोलीच उभारली. वरून गाळीव हवा संथपणे खाली येई; आत फक्त रोग्याचे धड आणि शल्यवैद्य. पुढे शल्यवैद्यांनाही डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख दिले आणि त्यांचा श्वास नळीने बाहेर ओढून घेण्याची सोय केली. दशकभरात पिकणाऱ्या सांध्यांचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले, आणि हे बहुतांशी प्रतिजैविके न देता.

अर्थात हे श्रेय हवेचे की इतर सुधारणांचे, असे विचारणारे निघालेच. म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९ रुग्णालयांत मिळून ८,००० हून अधिक खुब्यांच्या व गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची पाहणी करवली. १९८२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साध्या हवेच्या खोलीत शंभरात दीड सांधा पिकला, अतिशुद्ध हवेच्या खोलीत ०.६. प्रतिजैविक दिल्याने याहूनही अधिक फरक पडतो असेही दिसले. हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी तर सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन कालवले होते. प्रतिजैविक केव्हा द्यावे हेही हळूहळू निश्चित झाले. १९६१ मध्ये बर्क यांनी गिनिपिगांवर आणि १९९२ मध्ये क्लासेन यांनी २,८४७ रोग्यांच्या नोंदींवरून दाखवले की औषध कातडीला छेद जाण्यापूर्वी थोडाच वेळ आधी रक्तात असले पाहिजे. फार आधी दिले तर उपयोग कमी, नंतर उशिरा दिले तरीही कमी. आज सामान्यतः छेदापूर्वीच्या तासाभरात एक मात्रा देतात आणि ती पुष्कळदा पुरते. घरी आल्यावर महिनाभर गोळ्या घेतल्या तरच जपले, अशी जी समजूत आपल्याकडे आहे तिला या इतिहासात काही आधार नाही.

येथे एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. चार्न्लींच्या काचेच्या खोलीचे आधुनिक रूप म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या गाळीव हवेचे शस्त्रक्रियागृह. ते आज मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातीत झळकते. पण नंतरच्या मोठमोठ्या नोंदवह्यांत त्याचा फायदा दिसेना, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, केवळ संसर्ग टाळण्यासाठी अशी हवा वापरू नये, असा सल्ला दिला. प्रतिजैविके आली, कातडी साफ करण्याची द्रव्ये सुधारली, तेव्हा हवेचा वाटा उरला तो थोडा. शिवाय दार सारखे उघडझाप होत असेल तर गाळीव हवा काय करणार? आमच्या मते यातून चार्न्ली लहान होत नाहीत. त्यांनी यंत्र दिले त्यापेक्षा सातांची काळजी करण्याची सवय दिली.

आपल्या देशात ही विद्या आली ती १९७० च्या दशकात, मुंबईमार्गे. डॉ. के. टी. ढोलकिया यांना भारतातील सांधेरोपणाचे प्रवर्तक मानतात. हैदराबादेस पंजागुट्ट्याला निजामाच्या धर्मादायातून अस्थिरोगांचे स्वतंत्र रुग्णालय १९६० च्या दशकात उभे राहिले होते. आजचे ‘निम्स’ ते हेच. पण तेव्हा तेथली गर्दी असे ती मोडलेल्या हाडांची, पोलिओची आणि हाडांच्या क्षयाची. सांधा बदलणे ही घरोघरची गोष्ट झाली ती ऑक्टोबर २००० नंतर. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, आणि जून २००१ मध्ये उजवा. त्या काळी वर्तमानपत्रांत गुडघ्याची चित्रे छापून येत. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठी ‘इंडस’ नावाचा देशी गुडघा घडवला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत बांधून दिली, सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्यास ५४,७२० रुपये, आणि मध्यमवर्गाची उरलीसुरली भीतीही गेली. भीती गेली हे चांगलेच. तिच्याबरोबर थोडी सावधगिरीही गेली.

आमच्या या शहराने स्वच्छतेचा धडा वेगळ्या मार्गाने, आणि फार मोल देऊन घेतला आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुरात लॉरींचे अफजलगंजचे रुग्णालय वाहून गेले. तेथल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, हे तर येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १९११ मध्ये प्लेग आला. १९१२ मध्ये ‘आराइश-ए-बल्दा’, म्हणजे शहर सुधारणा मंडळ, स्थापन झाले आणि ज्या दाट वस्त्या पाडून त्याने रुंद रस्ते व गटारे केली त्यांत नामपल्लीही होती. जुन्या रुग्णालयाच्या जागी उस्मानिया रुग्णालयाची देखणी इमारत उभी राहिली. त्याच इमारतीच्या दालनांत जुलै २०२० च्या पावसात गटाराचे पाणी शिरले, रोग्यांच्या खाटा पाण्यात उभ्या राहिल्या, आणि रोगी हलवून जुनी इमारत बंद करावी लागली. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहलला, नामपल्लीपासून फार दूर नव्हे, नव्या उस्मानियाची कोनशिला बसली. शस्त्रक्रियागृहातील जंतूंचा विचार खिडकीबाहेरच्या गटारापासून सुरू होतो, हे या शहराइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

आणि तो विचार घरापर्यंतही यावा लागतो. येथे आम्ही आमच्याच घरातील एक हकीकत सांगतो. ती सांगायला वहिनींची परवानगी आहे, किंबहुना आग्रह आहे. थोरल्या वहिनींचा उजवा गुडघा २०१५ मध्ये बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन वर्षे त्या नुमाइशच काय, तुळजापूरच्या पायऱ्याही चढल्या. नवस होता म्हणून २०१८ च्या उन्हात त्या देवीच्या आवारात अनवाणी फिरल्या आणि तळपायाला फोड आला. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेली. फोड फुटून जखम झाली ती चार दिवसांनी कळली. आम्ही हळद आणि तेल लावले. जखम ओली राहिली तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. बरे वाटले. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि दोन दिवसांत नवा गुडघा टरारून सुजला. तरीही आम्ही शेक दिला, तेल चोळले, जिना चढल्याने झाले असेल असे म्हणालो. शल्यवैद्यांपर्यंत पोहोचेतो तीन आठवडे गेले होते.

पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून येऊन तीन वर्षांच्या जुन्या, नीट रुजलेल्या सांध्यात उतरले होते. डॉक्टरांनी सांध्यातले पाणी काढून तपासले. आमच्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांमुळे पहिल्या खेपेस जंतू वाढलाच नाही, आणि कोणते औषध चालेल हे कळायला आणखी वेळ गेला. सुरुवातीच्या काही दिवसांत आणले असते तर सांधा उघडून, धुऊन, त्याचा प्लॅस्टिकचा भाग बदलून तो वाचण्याची शक्यता होती. आता सगळा सांधा काढावा लागला. त्या जागी प्रतिजैविक कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवला, सहा आठवडे शिरेतून औषध दिले, आणि तिसऱ्या महिन्यानंतर दुसरी शस्त्रक्रिया करून नवा सांधा बसवला. ते तीन महिने वहिनी खाटेवर आणि कुबड्यांवर होत्या. पहिल्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी पट खर्च झाला. खर्चाचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. दिवाळीचा फराळ दुसऱ्यांनी केला याचे मात्र दाखवले.

त्या काळात शल्यवैद्यांशी झालेल्या बोलण्यातून जे समजले त्यातले बरेच आम्हांला आधी कळते तर बरे झाले असते. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणणे हे सांध्याच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे. किडलेला दात, पायाच्या बोटांमधली भेग, लघवीची जळजळ, हे सारे आधी सांगावे आणि आधी बरे करावे. तपकीर-तंबाखू आणि जर्दा सोडावा. गुडघ्यात सुजेवरचे स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर शस्त्रक्रिया निदान तीन महिने पुढे ढकलतात. आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. वस्तऱ्याचे न दिसणारे ओरखडे जंतूंची वस्ती होतात. अंघोळ मात्र सांगितलेल्या जंतुनाशकाने करावी. घरी आल्यावर पट्टीला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत, जखमेवर हळद, भस्म, लेप काहीही लावू नये, आणि जखम आठवडा उलटूनही पाझरत असेल, लाली पसरत असेल किंवा ओसरलेला ठणका पुन्हा वाढला असेल, तर औषधाच्या दुकानात न जाता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जावे. दातांच्या प्रत्येक कामाआधी प्रतिजैविक घेण्याचा जुना प्रघात आता सर्वांसाठी सांगत नाहीत. दात निरोगी ठेवणे हेच त्यापेक्षा उपयोगाचे मानतात.

एका गोष्टीवर आमचे घरात मतभेद झाले, ते लपवत नाही. आपल्या मंडळींत कोणी रुग्णालयात असले की भेटायला न जाणे हा अपमान समजतात. बडी चावडीहून, काचीगुड्याहून, अगदी नांदेड-परभणीहून माणसे डबे घेऊन येतात, खाटेच्या कडेवर बसतात, आणि जुनी माणसे तर जखम उघडून पाहण्याचाही आग्रह धरतात. वहिनींच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही पंधरा दिवस कोणाला येऊ दिले नाही. दोन ठिकाणचे बोलणे बंद झाले. त्यांतले एक अजून बंद आहे. वहिनींचे म्हणणे असे की खोकला-पडसे नसलेल्या एकदोघांना, हात धुऊन, खुर्चीवर बसवता आले असते, आणि आम्ही अतिरेक केला. त्यांचे बरोबर असावे.

वहिनी आता काठी घेऊन चालतात. तुळजापूरला जातात तेव्हा देवळात कापडी मोजे घालतात. पुजाऱ्यांनी कधी हरकत घेतलेली नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी नात टॉर्च घेऊन त्यांचे तळवे पाहते, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करते आणि कॅलेंडरवर त्या दिवसापुढे एक टिंब देते. गेल्या जानेवारीत त्या नुमाइशीला गेल्या होत्या. अर्ध्यातून परतल्या, पण ते पायांमुळे नव्हे. कर्नाटकी साड्यांच्या दुकानात पैसे संपले म्हणून.